दोन हात, वर तिसरा हात, तरी भिंत पट्टेदार का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातला फ्लॅट, हॉलमधली टीव्हीमागची १५ फुटांची भिंत, गडद राखाडीकडे झुकणारा हिरवा रंग, थोडी चमक असलेलं इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग). पेंटरने रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर मारले, तुम्ही तक्रार केल्यावर तिसराही मारला. दुपारी भिंत छान दिसते. संध्याकाळी छतातले दिवे लावले की उभे पट्टे, मध्येच निस्तेज चट्टे आणि चारही कडांना ब्रशची गडद किनार. पेंटर म्हणतो, चौथा हात मारून बघू. मारावा का?

नको. निदान आहे त्या भिंतीवर थेट तर नकोच. रंग एकसारखा न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं. वरच्या थरात असलंच, तर ते किती हात मारले यात नसतं, कसे मारले यात असतं. त्याच पद्धतीने आणखी एक हात मारलात तर डबा संपेल, मजुरी जाईल आणि तेच पट्टे नव्याने उमटतील.

आधी नेमका दोष ओळखा, कारण "पॅची दिसतंय" या एका तक्रारीत तीन निरनिराळे दोष असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. रात्री हॉलमधले सगळे दिवे घालवा आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जाईल. खळगे, उंचवटे, पत्रा (पुट्टी पसरायची पाती) ओढल्याच्या रेघा सावल्यांसकट दिसल्या तर दोष पुट्टीचा, म्हणजे रंगाखाली भिंत सपाट करणाऱ्या लेपाचा. मग दिवसाउजेडी भिंतीसमोर सरळ उभे राहा. समोरून पाहतानाही छटा कमी-जास्त वाटली, कुठे खालचा पांढरा डोकावला, तर रंग पुरेसा झाकत नाही किंवा डब्यातच नीट ढवळलेला नव्हता. समोरून सगळं एकजीव आणि कोपऱ्यातून तिरकं बघितलं की काही भाग चमकतो, काही मेलेला दिसतो, तर तो चमकेचा दोष. तुमचे पट्टे दुपारी नाहीसे होतात, म्हणजे रंगद्रव्य सगळीकडे बसलंय. गडबड मुख्यतः चमकेची आहे, थोडी पुट्टीचीही असेल.

चमक कमी-जास्त का होते, ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. इमल्शनमध्ये रंगद्रव्य असतं, भरीची पांढरी भुकटी असते आणि या दोघांना धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिकचा चिकट भाग असतो. हे सगळं पाण्यात तरंगत असतं. भिंत जिथे भसाभस पाणी ओढून घेते तिथे या चिकट भागाला सलग पडदा धरायला वेळच मिळत नाही, त्यातला थोडा भिंतीत मुरतो आणि वर कोरडा, निस्तेज भाग राहतो. जिथे भिंत कमी पिते तिथे पडदा गुळगुळीत बसतो आणि चमकतो. डबा तोच, हात तोच, पण खालची भिंत दोन प्रकारची. म्हणून एकसारख्या फिनिशची खरी लढाई भिंतीचं शोषण सारखं करण्याची आहे. फिक्या रंगाच्या मॅटमध्ये, म्हणजे बिनचमकेच्या रंगात, हे सगळं खपून जातं. गडद रंग आणि वर चमक, हे जोडपं काहीही लपवत नाही.

आता आपल्याकडे हे शोषण नेमकं कुठे बिघडतं ते सांगतो. पद्धत अशी चालते: पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर), मग रंगाचा पहिला हात. पांढऱ्या पुट्टीवर पांढरा प्रायमर असेपर्यंत कुणालाच काही दिसत नाही. रंगाचा पहिला हात बसला की सगळे खळगे एकदम उघडे पडतात. मग पेंटर पत्रा घेऊन दिसेल तिथे टच-पुट्टी लावत सुटतो, ती वाळली की घासतो आणि थेट दुसरा हात मारतो. त्या ठिगळांवर ना प्रायमर, ना पहिला हात. सभोवतालच्या भिंतीवर दोन्ही आहेत. ती कोरी पुट्टी रंग पिऊन घेते आणि तुम्हाला जे निस्तेज चट्टे दिसतायत ते जन्माला येतात. माझ्या अंदाजाने तुमच्या भिंतीवरचे चट्टे हेच आहेत. पेंटरला विचारा, पहिल्या हातानंतर पुट्टी कुठे कुठे लावली होती? तो बोट दाखवेल तिथेच चट्टा असेल.

यावर उपाय दोन. एक, टच-पुट्टीवर घासल्यानंतर प्रायमर लावायचाच, आणि तो ठिगळाच्या बाहेर वीतभर पातळ करत न्यायचा. मॅट असेल तर एवढ्यावर भागतं. चमक असेल तर पूर्ण भिंतीवर पुन्हा एक हात प्रायमर मारलेला बरा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: खळगे रंग मारण्याआधीच शोधायचे. पांढऱ्या प्रायमरमध्ये थोडा काळा स्टेनर (छटा देणारा दाट रंग) टाकून तो फिका राखाडी करून घ्यायचा. राखाडी भिंतीवर टॉर्च फिरवला की पुट्टीच्या सगळ्या चुका दिसतात, तिथेच दुरुस्त होतात, त्यांवर पुन्हा प्रायमर बसतो, आणि रंगाचे दोन्ही हात अखंड भिंतीवर पडतात. गडद रंगाला याचा दुसरा फायदाही होतो, त्याकडे येतोच.

शोषण बिघडवणारी इतर मंडळीही असतात. इलेक्ट्रिशियनने वायरींसाठी पाडलेल्या झिऱ्या, म्हणजे भिंतीतले चर, सिमेंटने बुजवल्या असतील तर त्यांचं शोषण शेजारच्या जुन्या भिंतीपेक्षा वेगळं असतं, शिवाय ताज्या सिमेंटचा क्षार काही रंगद्रव्यं फिकी पाडतो. एसीच्या पाइपची झिरी, टीव्हीच्या स्टँडची भोकं, सुताराने शेवटच्या दिवशी ठोकलेले खिळे, हे सगळं रंगाच्या आधी उरकलं पाहिजे. "रंग झाला की मग फिटिंग करू" म्हणणाऱ्याला पेंटरच्या टच-अपचे पैसेही द्यायला सांगा. जुन्या घरात चुना किंवा साधं डिस्टेंपर असेल तर तळहात भिंतीवर जोरात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्यावर काहीही मारू नका. खरवडून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर. नाहीतर नवा रंग त्या भुकटीला धरून बसतो आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडे होऊन उतरतो.

ओलीचं तर बोलायलाच नको. नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस द्यायचे, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. पश्चिमेची किंवा बाथरूमला लागून असलेली भिंत संशयास्पद वाटली तर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला दव जमलं किंवा कागदाखालची भिंत काळवंडली तर आधी गळती शोधा. लोणा (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) लागलेल्या भिंतीवर महागडं इमल्शन मारणं म्हणजे पैसे भिंतीला चिकटवणं, आणि तेही फार दिवस चिकटत नाहीत.

पुट्टीबद्दल थोडं. व्हाइट सिमेंटची पुट्टी घट्ट आणि टिकाऊ, पण घासायला कठीण. अ‍ॅक्रिलिक पुट्टी घासायला सोपी, पण ओल सहन करत नाही. जुने पेंटर खडूची पावडर आणि प्रायमर कालवून लांबी, म्हणजे घरगुती पुट्टी, करायचे. ती हाताखाली लोण्यासारखी सरकते, म्हणून अजूनही काही जण करतात. पण प्रत्येक घाण्यात प्रमाण बदलतं आणि भिंत ठिकठिकाणी निरनिराळी पिते, म्हणून गडद रंगाखाली मी ती वापरू देत नाही. सिमेंट पुट्टी पाण्यात हळूहळू टाकत, शक्यतो ड्रिलला पाती लावून फेटायची. गुठळी राहिली की पत्र्याखाली रेघ ओढली जाते. भिजवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपेल एवढीच करायची. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालणारा कारागीर दिसला तर तिथेच थांबवा, ती पुट्टी नंतर भुकटी होते. दोन हातांची मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नये. भिंतीला मोठी पोटं असतील तर ती प्लास्टरने किंवा जिप्समने भरायची, पुट्टीने नाही. गवंड्याकडची सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी भिंतीवर आडवी, उभी, तिरपी टेकवून बघा, तिच्याखालून उजेड कुठे दिसतो ते खुणावा. बहुतेक पेंटर हे करत नाहीत, हाताच्या अंदाजावर विसंबतात. तो अंदाज चांगला असतो, पण १५ फुटांच्या भिंतीवर पुरत नाही.

घासताना कागद ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे खळगे पडतात. पुट्टीला १८० किंवा २२० नंबर, प्रायमरनंतर ३२०. नंतर धूळ झाडूने उडवून भागत नाही, किंचित ओल्या फडक्याने पुसायची, कारण धूळ राहिली की रोलर ती गोळा करत जातो. घासताना मास्क हवाच. जुन्या इमारतीत तेलरंगाचे थर असतील तर ते सुके घासू नका, पाणी लावून घासा. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आली, त्याआधीच्या थरांत किती आहे सांगता येत नाही. घरात लहान मूल असेल तर त्या दिवसांपुरतं त्याला आजोळी पाठवलेलं बरं.

आता उभे पट्टे. ते पडतात ओली कड तुटल्यामुळे. रोलरने एक पट्टा मारला, त्याची कड सुकली आणि मग शेजारचा पट्टा तिच्यावर चढवला, तर त्या दोन-तीन इंचांत रंगाचे दोन थर होतात आणि बाकी भिंतीवर एक. तिरक्या उजेडात ती पट्टी ठळक दिसते. कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यात मिसळला तर सांधा राहतच नाही. सगळी कला एवढीच, पण त्यासाठी तयारी लागते.

सगळ्यात आधी रंग एकत्र करा. तुमचे तीन डबे तीन वेगळ्या दिवशी मशीनवर मिसळलेले असतील तर ते मोठ्या बादलीत ओतून एक करा. एका नंबरची छटाही दोन वेळा मशीनमधून काढली तर किंचित हलू शकते. स्टेनर टाकून पेंटरने जागेवर छटा "थोडी उचलली" असेल, तर पुन्हा तीच छटा मिळणार नाही असं समजा. मग रंग जुन्या सुती कापडातून गाळा. पाणी मोजून घाला. पेंटरचा "अंदाज" इथे सगळ्यात महाग पडतो. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं, बऱ्याच इमल्शनमध्ये लिटरला ४०० ते ५०० मिली येतं, काहींत जास्त. दुसऱ्या हाताला पहिल्यापेक्षा वेगळं पाणी घातलं, किंवा दुपारी रंग कमी पडेल म्हणून सकाळच्या रंगात तांब्याभर पाणी वाढवलं, तर भिंतीचे दोन भाग दोन चमकेचे होतात. कंत्राट मालासकट दिलेलं असेल तर हे हमखास घडतं, कारण वाचलेला प्रत्येक लिटर कंत्राटदाराचा. म्हणून माझा सल्ला: माल तुम्ही आणा, मजुरी वेगळी ठरवा.

पंखा बंद. खिडकीतून ऊन किंवा वारा थेट भिंतीवर येत असेल तर ती खिडकीही तेवढ्यापुरती लोटून घ्या. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत कड जरा जास्त वेळ ओली राहते, म्हणून इथले पेंटर सैल हाताने काम करूनही निभावतात. तेच काम एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याला करायला गेलात तर कड बघता बघता सुकते. तिथे पहाटे सुरू करून उन्हं चढायच्या आत भिंत संपवायची आणि रंग मारायच्या आधी खोलीत फरशीवर पाणी शिंपडून गारवा आणायचा. उलट जुलैत कोकणात दोन हातांमधलं अंतर वाढवावं लागतं. डब्यावर चार तास लिहिलेले असले तरी ते कोरड्या हवेचे. वरून सुकलेला आणि आतून ओला थर पुढच्या रोलरने उचलला जातो आणि संत्र्याच्या सालीसारखं टेक्श्चर येतं. गणपतीच्या आठ दिवस आधी संपूर्ण घर रंगवून मागणाऱ्यांना हे पटत नाही.

प्रत्यक्ष मारताना दोन माणसं हवीत. एक ब्रशने कडा रंगवतो, दुसरा लगेच त्याच्यामागे रोलर घेऊन येतो. आपल्याकडे एकटाच कारागीर आधी सगळ्या खोलीच्या कडा मारून घेतो, जेवतो आणि मग रोलर धरतो. तोवर कडा सुकलेल्या असतात, ब्रशच्या रंगाचा थर जाड असतो, पोतही वेगळा, आणि भिंतीला गडद चौकट पडते. तुमची किनार तीच. कडेचं काम एका वेळी तीन-चार फुटांपुरतंच करायचं आणि रोलर कडेच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, म्हणजे ब्रशच्या बहुतेक खुणा रोलरखाली जातात. कोपऱ्यांना चार इंची छोटा रोलर छान चालतो.

मुख्य रोलर नऊ इंची, लव मध्यम. फार लांब लवेचा रोलर रंग भरपूर धरतो पण दाणेदार पोत देतो. नवा रोलर आधी धुऊन, पिळून, सुटे केस चिकटपट्टीने काढून घ्या. रोलर ट्रेवर नीट घोळवून भरायचा, तीनेक फुटांच्या पट्ट्यात वरपासून खालपर्यंत तिरप्या फटक्यांनी रंग पसरायचा, मग जवळजवळ कोरड्या रोलरने, दाब न देता, छतापासून जमिनीपर्यंत एकाच दिशेने हलकेच ओढत आणायचा. हे शेवटचे ओढे सगळ्या भिंतीवर एकाच दिशेने हवेत, कारण रोलर वर गेला की लव एकीकडे झोपते, खाली आला की दुसरीकडे, आणि तिरक्या उजेडात ते वेगळे दिसतात. रोलर दाबून शेवटचा थेंब पिळणारा कारागीर रोलरच्या दोन्ही टोकांना उभ्या रेघा सोडतो. तुमच्या पट्ट्यांत बारीक, जोडीजोडीने पडलेल्या रेघा असतील तर त्या दाबाच्या आहेत. रंग हाताला ओढायला लागला की मागे वळून बघायचं नाही. अर्धवट सुकलेल्या जागेवर "जरासं" ब्रश मारण्याने जेवढ्या भिंती बिघडतात तेवढ्या कशानेच बिघडत नाहीत. आणि भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवायचीच. चहा आला तरी झाकून ठेवायचा.

गडद रंगाची आणखी एक अडचण. फिक्या रंगांत झाकण्याचं काम टायटॅनियम डायऑक्साइड करतं. गडद छटांच्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात) ते कमी किंवा नसतंच, म्हणून लाल, पिवळे, गडद हिरवे रंग दोन हातांत नीट झाकत नाहीत आणि पेंटर जाड थर चढवायला जातो. खाली राखाडी प्रायमर असेल तर दोन हातांत काम होतं. वर सांगितलेला दुसरा फायदा तो हाच.

तर तुमच्या भिंतीचं. शेवटचा हात मारून आठवडा तरी जाऊ द्या. मग ठोकळ्यावर २२० आणि नंतर ३२० नंबरचा कागद लावून पूर्ण भिंत घासा, चमक मरेपर्यंत आणि रोलरच्या रेघा सपाट होईपर्यंत. पुसा. टॉर्च लावून खळगे पेन्सिलने खुणावा, भरा, घासा. पूर्ण भिंतीवर राखाडी प्रायमरचा एक हात, वाळल्यावर पुन्हा टॉर्च. मग रंगाचे दोन हात, दोन माणसांकडून, वर सांगितल्याप्रमाणे. १५ बाय साडेनऊ फूट धरली तर भिंत जेमतेम १४५ चौरस फूट आहे. दोन्ही हातांना पुरून उरेल असा एकच डबा आणा, म्हणजे छटा जुळवायचा प्रश्नच उरत नाही आणि थोडा रंग शिल्लकही राहील. काम संध्याकाळचे दिवे लावून तपासा, पैसे त्यानंतर.

एक गोष्ट मात्र पेंटरच्या हातात नाही. तुमचे छतातले दिवे भिंतीपासून किती अंतरावर आहेत ते मोजा. सहा-आठ इंचांवर असतील तर त्यांचा उजेड भिंतीवरून सरळ खाली घसरतो आणि कुठलीही भिंत त्यापुढे लाटांची दिसते, कितीही चांगल्या कारागिराने केली तरी. दिवे दीड-दोन फूट आत सरकवणं शक्य असेल तर सरकवा, नसेल तर हीच छटा मॅटमध्ये घ्या. मॅटवर हात लागले की डाग लवकर पडतात हे खरं, पण टीव्हीमागच्या भिंतीला हात लावायला जातंय कोण? मी तुमच्या जागी असतो तर दिवे न हलवता मॅटच घेतलं असतं.

काम झाल्यावर महिनाभर भिंत ओल्या फडक्याने पुसू नका, थर अजून पक्का होत असतो. उरलेला रंग छोट्या बाटलीत गच्च भरून, छटेचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. पण पुढे कधी ओरखडा पडला तर त्यातून बोटभर ब्रश मारायला जाऊ नका. मॅटवर ते कदाचित खपेल. चमकदार गडद भिंतीवर टच-अप म्हणजे पुन्हा ठिगळ. तिथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीलाच एक हात मारावा लागतो.